बाबांना पाणी जात नाही, आईला भाकरी जात नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की वडिलांना तीन महिन्यांपूर्वी लकवा मारला, आता काठी घेऊन चालतात, बोलणं जरा जड आहे, भाकरी-भाजी व्यवस्थित खातात पण पाणी प्यायले की ठसका लागतो. आणि आईचं बरोबर उलट, चहा पाणी सगळं जातं पण दीड-दोन महिने झाले भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा होतो, वर घोटभर पाणी प्यायलं की उतरतो. मग दोघांचीही अन्ननलिका आकसलीये का, आणि पाण्याइतकं सोपं काही नाही तर बाबांना तेच कसं जात नाही, हे तुमचे प्रश्न.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, पण बोलण्यापेक्षा गिळण्याच्या तक्रारींवरच माझं जास्त काम, वीसेक वर्षं झाली, आणि त्यातले निम्मे पेशंट लकव्याचे. तर सरळ सांगते, दोघांचं दुखणं एका जागेचं नाहीये. बाबांचा घोळ घशात आहे, अन्ननलिका जिथे अजून सुरूसुद्धा झालेली नसते. आईंचा बहुतेक खरोखर अन्ननलिकेत आहे. लोक काळजी बाबांची करतात कारण ठसका दिसतो, ऐकू येतो, सगळं घर उठून धावतं, पण तुमच्या लिहिण्यावरून मला काळजी आईंची जास्त वाटतेय. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं करा, आईंची एन्डोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आतून बघतात ती) याच आठवड्यात करून घ्या. का ते खाली येतंच.

आता एक प्रयोग करा, वाचता वाचताच होईल. दोन बोटं गळ्यावर ठेवा, कंठमणी असतो तिथे, बायकांचा दिसत नाही पण हाताला लागतो. आता आवंढा गिळा. ते कडक जे लागत होतं ते टुणकन वर गेलं आणि परत खाली आलं ना? ते तुमचं स्वरयंत्र. साधारण दोन सेंटिमीटरची उडी असते आणि गिळण्यातलं सगळं नाटक त्या उडीत आहे. आता लगेच दुसरा आवंढा गिळा, मग तिसरा, चौथा. चौथ्याला घसा अडून बसतो. काही बिघडलं नाही, फक्त तोंडातली लाळ संपली. गिळायला सुरुवात आपल्या मर्जीने होते पण घशाला मागे काहीतरी टेकल्याशिवाय पुढची साखळी सुटत नाही, आणि एकदा सुटली की मग तुम्ही मनात आणलं तरी ती मध्ये थांबवता येत नाही. ती सगळी मेंदूच्या खालच्या देठातून चालते, तिथून पाच-सहा जोड्या नसा निघतात आणि पंचवीस-तीस जोड्या स्नायूंना ओळीने हुकूम जातात. हे सगळं तुम्ही दिवसातून पाचशे-सहाशे वेळा करता, झोपेतसुद्धा अधूनमधून.

घशाची मूळ अडचण अशी की तिथे दोन रस्ते एकमेकांना आडवे जातात. हवा नाकातून येते म्हणजे मागून, आणि तिला जायचंय पुढच्या नळीत, श्वासनलिका पुढे असते. घास तोंडातून येतो म्हणजे पुढून, आणि त्याला जायचंय मागच्या नळीत. म्हणजे प्रत्येक घास, प्रत्येक घोट श्वासाच्या उघड्या दारावरून पलीकडे जातो. एसटी स्टँडाबाहेरच्या चौकासारखं आहे, सिग्नल चालू असेल तर काही नाही, बंद पडला की विचारू नका.

तो सिग्नल असा. जीभ टाळूला चिकटून घास मागे ढकलते, पडजिभेकडचा मऊ टाळू वर उचलून नाकाचा रस्ता बंद करतो (हसताना पाणी नाकातून येतं ते हे दार उघडं राहिलं म्हणून). त्याच वेळी श्वास थांबतो, स्वरतंतू एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि मघाशी बोटाला लागलेलं ते स्वरयंत्र वर आणि पुढे जाऊन जिभेच्या मुळाखाली लपतं. शाळेत आपल्याला शिकवलं होतं की श्वासनलिकेवर एक झाकण असतं आणि ते पडतं. झाकण आहे, पडतंही, पण खरं काम या लपण्याचं आणि तंतू मिटण्याचं आहे, झाकण तर बरंचसं त्या उडीच्या ओढीनेच आडवं होतं. आणि तीच उडी अन्ननलिकेचं वरचं दार ओढून उघडते. ते दार एरवी कायम आवळलेलं असतं, नाहीतर प्रत्येक श्वासाला पोटात हवा भरली असती. हे सगळं मिळून जेमतेम एक सेकंद. मग बहुतेक वेळा आपण श्वास सोडतो, घेत नाही, म्हणजे दाराशी काही कण राहिला असेल तर तो बाहेर फुंकला जावा.

बाबांचं काय होतंय ते आता लक्षात येईल. दार लागतंय, पण उशिरा लागतंय. भाकरीचा घास चावून झाला की गोळा होऊन राहतो, जिभेच्या ताब्यात असतो, हळू सरकतो, दाराला वेळ मिळतो. पाण्याला आकार नाही, थांबणं माहीत नाही, तोंडात घेतलं की जिभेच्या कडेने मागे पळालंच, आणि तोपर्यंत बाबांच्या मेंदूतून हुकूम निघायचा असतो. अर्धा सेकंद उशीर पुरतो. पाणी सोपं वाटतं ते आपल्याला, ज्यांचं टायमिंग शाबूत आहे त्यांना.

घरोघरी काय होतं ते मला पाठ आहे म्हणून विचारते, बाबा तांब्याने वरून पाणी पितात का? आपल्याकडे जुन्या माणसांना भांड्याला ओठ न लावता वरून धार सोडायची सवय असते, मान मागे, तोंड उघडं. लकव्यानंतर याच्याइतकी वाईट पद्धत दुसरी नाही. मान मागे गेली की श्वासाचा रस्ता सताड उघडा होतो, आणि धार तर चालूच. ठसका लागला की आपण ‘वर बघ, वर बघ’ करत डोक्यावर थापट्या मारतो ना, तेही तसंच, वर बघून रस्ता आणखी उघडतो. माणूस खोकतोय, आवाज निघतोय तोवर त्याला पुढे वाकून खोकू द्या, पाणी पाजू नका. आवाजच बंद झाला, श्वास घेता येईना, तर ती वेगळी इमर्जन्सी, तिथे पाठीत पाच जोरात थापा आणि मग पोटावर झटके, ते मात्र कुणाकडून तरी हाताने शिकून घ्या, वाचून जमत नाही.

दुसरं, पातळ आमटीत कुस्करलेली भाकरी किंवा ताक-भात. घरच्यांना वाटतं मऊ आहे, सोपं जाईल. प्रत्यक्षात ते सगळ्यात अवघड असतं, कारण एका घासात दोन वेगाच्या गोष्टी असतात, जीभ भाताला चावत बसते तोवर ताक घशात पोचलेलं असतं. चहात बुडवलेलं बिस्किट, पातळ रस्सा-पाव, तसलंच. त्यापेक्षा घट्ट वरणात नीट कालवलेला मऊ भात कितीतरी बरा.

पाण्याचं काय करायचं तर आधी तपासणी. आम्ही नाकातून बारीक दुर्बीण घशापर्यंत नेतो आणि पेशंटला रंग घातलेलं पाणी, दही, बिस्किट असं एकेक देतो, स्क्रीनवर दिसतं की हिरवं पाणी कुठे चाललंय. किंवा बेरियम पाजून एक्सरेचा व्हिडिओ काढतात. मग ठरतं की हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने फायदा होतो का (खूप जणांना होतो, काहींना उलट त्रास वाढतो म्हणून सरसकट सांगत नाही), आणि पातळ पदार्थ किती घट्ट करायचे. याच्या जगभर ० ते ७ अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत, पाणी म्हणजे ०, नेहमीचं जेवण ७. आपल्याकडे नाचणीची आंबील, घट्ट पेज, घुसळलेलं दही हे प्रकार तयारच आहेत, फक्त पेजेत शितं नकोत. मनानेच सगळं पाणी बंद करून टाकू नका मात्र, मी लघवी पिवळीजर्द होऊन गुंगीत गेलेले पेशंट बघितलेत, घरच्यांनी ठसक्याच्या भीतीने पाणीच तोडलेलं.

तोवर एवढं पाळा, खुर्चीत ताठ बसवायचं, टीव्ही बंद, रुंद तोंडाच्या वाटीतून छोटा घोट म्हणजे मान मागे करायची गरजच पडत नाही, एक घोट गेला की मगच दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं नाही. आणि दात, दोन्ही वेळा घासायचे, कवळी असली तर ती काढून धुवायची. थोडं पाणी चुकून छातीत गेलं तर फुप्फुस सांभाळून घेतं, घाण तोंडातले जंतू घेऊन गेलं तर न्यूमोनिया.

एक आजोबा आठवतात. आजी खुशीत आल्या, म्हणाल्या ‘आता ह्यांना ठसका लागतच नाही बघा, बरे झाले’. मी आजोबांना एक चमचा पाणी दिलं, खरंच खोकले नाहीत, पण नंतर ‘नाव सांगा’ म्हटलं तर आवाज असा आला की जणू गुळण्या करत बोलतायत. पाणी स्वरतंतूंवर बसलेलं होतं आणि घशाला पत्ताच नव्हता. संध्याकाळचा बारीक ताप दहा दिवस येत होता तो कुणी मोजला नव्हता. ठसका हा वॉचमन आहे, तो ओरडतो म्हणून त्रास वाटतो, तो झोपला तर जास्त धोका. म्हणून बाबा पाणी प्यायले की त्यांना ‘आ’ म्हणायला लावा आणि आवाज ओला, घोगरा येतो का ऐका.

आता आईंकडे येते, म्हणजे नळीकडे.

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. पाइप म्हणतो म्हणून डोळ्यापुढे पीव्हीसीचा उघडा पाइप येतो, तशी ती नसते. रिकामी असताना हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी चपटी पडलेली असते, घास आला की तेवढ्यापुरती फुगते. मानेत श्वासनलिकेच्या मागे, छातीत हृदयाच्या मागे, मग छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या एका भोकातून पोटात. हृदयाच्या इतकी चिकटून असते की हृदयाची काही सोनोग्राफी अन्ननलिकेत प्रोब घालूनच करतात.

आतून अस्तर, त्याच्या भोवती स्नायूंचे दोन थर, आतला गोल आणि बाहेरचा उभा. आपण लहानपणी प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला खायचो ना, खालून दाबत दाबत बर्फ वर आणायचो, तेच तंत्र फक्त उलट दिशेने. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो, ही लाट सेकंदाला दोन ते चार सेंटिमीटर अशा बेताने खाली जाते, म्हणजे घास पोटात पडायला आठ-दहा सेकंद. पाणी बसून प्यायलं तर वजनानेच लाटेच्या आधी पोचतं. पण लाट असल्यामुळे शीर्षासनात केळं खाल्लं तरी ते पोटातच जाईल, खाऊ नका फक्त. घासाचा तुकडा मागे राहिला तर नळी स्वतःच दुसरी लाट काढते, तुम्हाला कळतही नाही. आणि घटाघटा तांब्याभर पाणी पिताना प्रत्येक नवा घोट आधीच्या लाटेला थांबवतो, नळी सैल पडून राहते आणि शेवटच्या घोटानंतर एकच लाट येऊन सगळं पुसून नेते.

गंमत म्हणजे वरच्या भागातला स्नायू हातापायासारखा आणि खालचा आतड्यासारखा असतो, मध्ये सरमिसळ. गाई-म्हशींना मात्र सगळी नळी वरच्यासारख्या स्नायूची असते, आणि रवंथ करताना तीच लाट उलटी फिरते. डाव्या बाजूने मानेकडे बघत बसा कधी गोठ्यात, गोळा वर येताना स्पष्ट दिसतो.

खालच्या टोकाला दुसरं दार. तेही एरवी बंद, आणि त्याची शिस्त बघण्यासारखी आहे, घास अजून घशात असतो तेव्हाच ते उघडायला लागतं आणि घास पोचेपर्यंत वाट बघत उघडं राहतं. त्याला बाहेरून पडद्याच्या स्नायूची चिमटी असते. ढेकर द्यायला ते मधूनच आपोआप सैल होतं, आणि पोट गच्च भरलेलं असताना हे जास्त होतं, मग हवेबरोबर ॲसिडही वर येतं, ज्याला आपण पित्त घशाशी आलं म्हणतो. पोटाला ॲसिड सोसतं, अन्ननलिकेच्या अस्तराला नाही. रात्री उशिरा जेवून लगेच उजव्या कुशीवर झोपणाऱ्यांनी निदान डाव्या कुशीवर झोपावं, या विषयावर वेगळं लिहावं लागेल, इथे पुरे.

घट्ट अडकतं आणि पातळ जातं, याचा साधा अर्थ वाट अरुंद झालीये. निरोगी नळी दोन सेंटिमीटरच्या वर सहज फुगते, ती साधारण तेरा मिलिमीटरच्या खाली आली की चांगला मोठा घास अडकायला लागतो. म्हणजे माणसाला जाणवेपर्यंत बरीच वाट गेलेली असते. याउलट पहिल्या दिवसापासून पाणी आणि भाकरी दोन्ही अडकतात, रात्री न पचलेलं अन्न उशीवर येतं, असं असेल तर नळीचा व्यास ठीक पण खालचं दार सैलच होत नाही असा आजार असतो, अकलेशिया म्हणतात. त्यावर आता तोंडातून दुर्बीण घालून आतूनच तो स्नायू कापतात, पोटावर टाका नाही, जपानच्या हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा माणसावर केलं आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही होतं.

आईंना विचारायचं ते हे. दोन महिन्यांपूर्वी भाकरीच अडकत होती आणि आता पोळीही अडकते का, मऊ भातही कमी झालाय का? भाकरी, मग पोळी, मग भात, मग पेज, मग पाणी, असा उतरता क्रम काही आठवड्यांत दिसला तर ते चांगलं लक्षण नाही, आतमध्ये वाढणारी गाठ तशी वागते. वर्षानुवर्षं अधूनमधून, घाईत खाल्लेला मटणाचा तुकडाच तेवढा अडकतो, असं असेल तर बहुतेक बारीक कडं असतं, ते फुग्याने रुंद करता येतं. ॲसिडने व्रण पडूनही वाट आकसते. आपल्याकडच्या बायकांत अंगात रक्त कमी असलं, लोह कमी असलं की अगदी वरच्या टोकाला पातळ पडदा धरतो तोही प्रकार आहे, पण आईंना छातीत वाटतंय म्हणजे तो नसावा. जागेबद्दल एक लक्षात ठेवा, गळ्याशी अडकतं म्हणणाऱ्याचा अडथळा खरा कुठेही खाली असू शकतो, पण छातीत अडकतं म्हणणाऱ्याचा सहसा छातीतच असतो.

आणि मिश्री. आई मिश्री लावतात का ते तुम्ही लिहिलं नाही, मुलं लिहीत नाहीतच, ‘नाही हो काही व्यसन नाही’ म्हणतात, आणि आई दिवसातून तीनदा दाताला तंबाखू चोळत असतात. मिश्री, तंबाखू, विडी, दारू, यांचा अन्ननलिकेच्या कॅन्सरशी थेट संबंध आहे. उकळता चहा कपातून बशीत न ओतता तसाच पिणं हेही २०१६ पासून जागतिक पातळीवर संशयितांच्या यादीत आहे, ६५ अंशाच्या वरचं काहीही, चहा असो की पाणी. बशीत ओतून फुर्र करून पिणारे आपले आजोबा शहाणेच होते म्हणायचे.

माझ्या सख्ख्या मावशीला चार महिने गॅसच्या गोळ्या चालू होत्या. कुणाचं नाव घेत नाही, डॉक्टर वाईट नव्हते, मावशीच ‘जरा गॅस होतो’ एवढंच सांगायची. आणि घरात कुणाला कळलं नाही कारण ती आपोआप जुळवून घेत गेली, आधी भाकरी दुधात भिजवायला लागली, मग दुधातला फक्त मऊ भाग खायची आणि कडा ताटात, मग म्हणाली मला रात्रीची भूकच नसते. मी हेच काम करते आणि दिवाळीत तिच्या शेजारी बसून जेवले, तिच्या ताटाच्या कडेला भाकरीचे पापुद्रे मला दिसले होते. म्हणून आईंना ‘अडकतं का’ विचारू नका, ‘हल्ली काय खायचं सोडलंस’ असं विचारा, आणि ब्लाउज सैल झालेत का बघा.

एन्डोस्कोपीला घाबरवतात लोक, पण पाच-दहा मिनिटांचं काम आहे, रात्रीपासून उपाशी जायचं, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, हवं तर झोपेचं इंजेक्शन देतात. काही दिसलं तर तिथेच बारीक तुकडा तपासायला घेतात, आणि नुसतं आकसलेलं असेल तर काही वेळा त्याच बैठकीत रुंदही करतात. तोवर आईंना घास छोटा, बसून, आणि औषधाच्या गोळ्या असतील तर त्या ग्लासभर पाण्याबरोबर, झोपायच्या अर्धा तास तरी आधी. अरुंद नळीत अडकून बसलेली कॅप्सूल अस्तराला भाजते. आणि कधी घास असा अडकला की लाळसुद्धा गिळता येईना, थुंकावी लागतेय, तर रात्री दोन वाजताही दवाखान्यात न्यायचं, वरून केळं, भाताचा गोळा घालून ढकलायचं नाही.

रिपोर्ट आल्यावर त्यात ‘३२ सेंमीवर’ किंवा ‘४० सेंमीवर’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. मघाशी मी नळी २५ सेंटिमीटर म्हटलं आणि हे ४० कुठून आलं म्हणून गोंधळू नका, तो आकडा पुढच्या दातांपासून मोजतात, दातांपासून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंतच १५ होतात. म्हणजे ४० म्हणजे पोटाचं दार. तो आकडा आणि त्याच्यापुढचं वाक्य तेवढं मला कळवा, आणि बाबांची घशाची तपासणी त्याच दिवशी त्याच हॉस्पिटलला लावून घेता आली तर बघा, दोघांना दोनदा न्यायला नको.